राजाचं नाक

कळमनुरी, मंगळवार, ११ जानेवारी २०००

शनिवारी नववीच्या वर्गाला गावातला इतिहास दाखवत पायी हिंडवलं. म्हाताऱ्या सखूबाईच्या दारात थबकलोच. तिच्या नातीच्या गळ्यात सोन्याचं रोमन नाणं! त्यावरच्या राजाचं ते बाकदार नाक... मीच शहाणपणा केला, "हा राजा मरून दोन हजार वर्षं झाली!"

आज फोटो काढायला गेलो, तर नाणं मोडून लेकराच्या कानात बाळ्या केलेल्या.

"काहून मोडलं, सखूबाई?"

"आपले मेलेले देव्हाऱ्यात असतेत, सर. दुसऱ्याचं मढं लेकराच्या गळ्यात कसं ठेवू? तुमी सांगितलं म्हणून कळलं."

नुसतं 'जुनं आहे' म्हणालो असतो तर? गप्प का नाही बसलो? दोन हजार वर्षं टिकलेलं नाक माझ्या एका वाक्यानं गेलं.

निघताना म्हातारीनं हात जोडले. लई उपकार झाले, म्हणाली.