रोज एक जुडी कोथिंबीर

आई, आज अबू धाबीत, मुसफ्फाच्या आमच्या एचआर ऑफिसात एका वेल्डरने मला तुझं वाक्य ऐकवलं. वर्कशॉपमध्ये त्याने फोरमनवर हात उचलला होता. त्याचं वॉर्निंग लेटर मी सकाळीच टाइप करून, माझी सही ठोकून तयार ठेवलं होतं. त्याने खाली सही करायची आणि निघायचं, पाच मिनिटांचं काम. तो म्हणाला, "मॅडम, साइन कर दूँगा, पहले मेरी बात तो सुन लीजिए." माझा हातच थांबला. दुबईत ऊद मेथाच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या दारात, कणकेचे हात तसेच पुढे धरून तू हेच म्हणाली होतीस, "आधी माझं ऐकून घे." मी ऐकलं नव्हतं. आता इतक्या वर्षांनी, तू गेल्यावर, पत्र लिहायला बसले आहे. उशीर करण्यात मी पहिल्यापासून हुशार, हे तूच म्हणायचीस.

तालुक्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली तू तीस वर्षं टाइपरायटर बडवलास. शाळा सुटली की मी तुझ्या शेजारच्या खोक्यावर येऊन बसायचे. कुणाचंही प्रतिज्ञापत्र टाइप करून झालं की तू ते त्याला मोठ्याने वाचून दाखवायचीस, आणि तो "हो, बरोबर" म्हणेपर्यंत कागद त्याच्या हातात द्यायची नाहीस. बाकीचे टाइपिस्ट हसायचे, तेवढ्या वेळात त्यांची दोन गिऱ्हाइकं उरकायची. मी वकील झाले, तीन वर्षं त्याच कोर्टात काळा कोट घालून उभी राहिले, तेव्हा तू शेडमधून आत बोट दाखवून म्हणालीस, "इकडे काय, कुणीही उभं राहतं. तू त्या खुर्चीवर बस." मग लग्न झालं, दुबई झाली, मुलगी झाली आणि खुर्ची राहून गेली. न्यायाधीशाच्या परीक्षेला पस्तिशीची अट, आणि मंदीच्या त्या वर्षी मी चौतीस पूर्ण करत होते. म्हणजे एवढी एकच संधी. ती हातची जाऊ नये म्हणून तू टाइपरायटर झाकून ठेवलास, व्हिजिट व्हिसा काढलास आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलीस, नातीला सांभाळायला आणि मला अभ्यासाला जुंपायला.

त्या दिवसांतली कुठलीही सकाळ घे, नऊ वाजले आहेत. तुझा जावई टिफिन घेऊन साइटवर गेला आहे, नात स्कूल बसमध्ये चढली आहे. मी डायनिंग टेबलावर पुरावा कायदा उघडून बसले आहे आणि तू कणीक मळता मळता केस घालतेस. वरच्या बाईचे ओले कपडे खालच्या बाईच्या पापडांवर गळतात. वरची ठसक्यात बोलते, खालची मुळुमुळु रडते, दोन्ही आवाज तुझेच. मी मुद्दे काढते, निष्कर्ष लिहिते, कारणं लिहिते आणि ऐटीत वाचून दाखवते. तू म्हणतेस, "निकाल तू आधीच ठरवलास आणि कारणं मागाहून गोळा केलीस. पापड दिसले आणि पाघळलीस. वरच्या बाईला विचारलंस का, तिच्या बाल्कनीत ऊन कधी येतं?"

"अगं आई, ती बाई खरी नाहीये! तूच बनवलीस!"

"मग? खरी नाही म्हणून तिला बाजूच नाही?"

अकरा वाजले की तू पिशवी घेऊन खाली उतरायचीस. "कोथिंबीर आणते." पहिल्या दिवशी दोन दिऱ्हमची जुडी बघून कपाळाला हात लावलास, "सव्वीस रुपये! एवढ्यात आपल्याकडे टोपली भरते!" आणि तरी रोज एक जुडी. फ्रिज उघडला की हिरवंगार. वड्या झाल्या, चटणी झाली, पराठे झाले. नात ताट बघून म्हणाली, "आजी, नॉट ग्रीन अगेन!" मी चिडवायचे, "ग्रोसरीत एवढं कोण भेटतं गं तुला?" तू म्हणायचीस, "मेले, अभ्यास कर." तुला तासभर लागायचा. मला बरंच वाटायचं, घर शांत असायचं.

मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले. तिथे ह्याच्या ऑफिसातल्या एकाची बायको भेटली, ती कैरीची डाळ खाता खाता म्हणाली, "भावजींचं कुठे जमलं का गं? आमच्या ह्यांना पण त्याच दिवशी बिनपगारी रजेवर पाठवलं." दोन महिने झाले होते, आई! रोज इस्त्रीचा शर्ट, टिफिन, बाय, आणि नोकरी नाही. मी कसनुसं हसले, ओटी घेतली आणि टॅक्सी करून घरी आले. त्याने सगळं कबूल केलं आणि वर म्हणाला, "आईंना माहीत होतं." झालं. माझा पारा असा चढला की त्याला सोडून मी तुझ्यावरच तुटून पडले. माझ्याच घरात, माझ्याच आईने मला वेड्यात काढलं, असलं काय काय बोलले. तू दारात आलीस, "आधी माझं ऐकून घे." मी म्हटलं, "काही ऐकायचं नाही. खलास." तिसऱ्या दिवशीचं तुझं तिकीट काढलं. व्हिसाचे अजून तीन आठवडे शिल्लक होते. नवऱ्याला मी चार दिवसांत माफ केलं. नवरा कधीतरी खोटं बोलेल हे बाई कुठेतरी धरूनच चालते. आईचं तसं धरलेलं नसतं, त्याचाच राग होता. एअरपोर्टवर तू एवढंच म्हणालीस, "परीक्षेला ये. हॉल तिकीट घरच्या पत्त्यावर येईल, मी नीट ठेवते."

परीक्षेला मला येता आलं नाही. आदल्या दिवशी मुलीला ताप भरला, एकशे तीन. मी फोन करून तुला तसं सांगितलं. तू खुर्चीचं अवाक्षर काढलं नाहीस, फोनवरूनच तिची दृष्ट काढायला सांगितलीस, मीठ किती, मोहऱ्या किती. नंतर आठवडाभर रोज फोन, "उतरला का गं?" त्याच हिवाळ्यात तू गेलीस, शेडखालीच, कुणाचा तरी कागद मशीनमध्ये असताना. तेराव्याला शेजारचे स्टॅम्पवाले काका मला बाजूला घेऊन म्हणाले, परीक्षेच्या दिवशी तू पहिल्या एसटीने जिल्ह्याला गेली होतीस. हॉल तिकीट, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घेऊन सेंटरच्या फाटकाशी उभी राहिलीस, फाटक बंद झालं तरी उभीच. काकांना म्हणालीस, "ताप उतरला असेल तर येईल. ती ऐन वेळी येते, सवय आहे तिची."

तुझी बाजू मला नवऱ्याकडून कळली, तीही तू गेल्यावर. ग्रोसरीच्या वाटेवरच्या पार्कात बाकावर तो तुला दिसला, टिफिन मांडीवर घेऊन बसलेला. रडला म्हणे. तू अट घातलीस, परीक्षेच्या संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने हिला सांगायचं, तोवर मी गप्प. आणि त्या दिवसापासून रोज अकराला त्याच्याजवळ जाऊन बसलीस, कारण जावईबापूंनी एकट्याने लपून जेवायचं नाही. कोथिंबीर मला दाखवायला. पुढे त्याला उम्म अल कुवैनच्या फॅक्टरीत नोकरी मिळाली, सगळं मार्गी लागलं. पण हा ऐकीव पुरावा झाला, आई, तोही एकाच साक्षीदाराचा. मला तुझ्या तोंडून हवं होतं. अजून हवं आहे. पार्कातल्या त्या बाकावर एक तास मलाही तुझ्याशेजारी बसायचं आहे, दुसरं काही नको.

आज त्या वेल्डरचं मी चाळीस मिनिटं ऐकलं. चूक त्याचीच निघाली. लेटर आहे तसंच राहिलं आणि त्याने सही केली, पण दारातून वळून म्हणाला, "शुक्रिया मॅडम, आपने सुना तो." तुझंही ऐकून मी कदाचित चिडलेच असते. चिडले असते, आणि मग तुझ्या हातची पोळी खाल्ली असती.

हे पत्र टाकणार कुठे? तुझी शेडही आता पाडली. तरी तुझ्या पद्धतीप्रमाणे मोठ्याने वाचून पाहिलं आणि एका ठिकाणी अडले. तिथे "हो, बरोबर" म्हणवेना. मुलीला ताप आला नव्हता, आई. ती शाळेत गेली होती. विमानाचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. आले असते तर हॉल तिकिटासाठी तुझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं, आणि तुझं ऐकून घ्यावं लागलं असतं.