उताऱ्यावरचं नाव

॥ श्री ॥

खडकवस्ती, ता. राहुरी
३० नोव्हेंबर २०२५

ती. लंकावन्सं यांना
सविताचा सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या बालवाडीच्या पत्त्यावर टाकते आहे. फोन केला की तुमचे मालक स्पीकर लावून ऐकत बसतात, आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्या कानाला सोसायचं नाही.

तुमच्या धाकट्या भावाला जामीन मंजूर झाला हे कळलंच असेल. मी वेडी, कोर्टाच्या आवारातच पेढे वाटले. मग वकिलांनी बाजूला घेऊन सांगितलं की हुकूम झाला म्हणजे माणूस सुटला असं नव्हे. कुणीतरी जमीनवाल्यानं आपला सात-बारा कोर्टापुढे ठेवून हमी घ्यायला हवी. तो जामीनदार मिळेपर्यंत हे आतच.

वन्सं, यांनी केलं काय हो? डंपर चालवत होते, वाळूवाल्या मालकाचा. तलाठी-कोतवालांनी अडवला, यांनी गुमान उभा केला. मागून मालकाची माणसं मोटारसायकलवर आली, त्यांनी कोतवालाचं डोकं फोडलं आणि पसार झाली. हे तेवढे पळाले नाहीत. कोतवालाला त्याच डंपरमध्ये घालून दवाखान्यात नेलं, आणि तिथंच पोलिसांनी धरलं. पळाले ते सुटले, थांबला तो अडकला. मालकाचं तर कागदावर नावच नाही. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आपल्या स्टँडवर लागलाय, हात जोडून हसतोय मेला.

जामिनासाठी मी कुणाचं दार ठेवलं नाही. सरपंच म्हणाले, उतारा बँकेत अडकलाय. सोसायटीच्या चेअरमननी चहा पाजला आणि म्हणाले, आपण कोर्टकचेरीत पडत नसतो. याच लोकांची वऱ्हाडं यांनी डिझेलसुद्धा न मागता नेली होती. आता मी दिसले की माणसं रस्ता बदलतात.

आणि घरचं ऐका. रामहरी भाऊजी ओट्यावर बसून शांतपणे म्हणाले, सही देतो की, पण आधी लंकाची हक्कसोड होऊ दे. मामंजी गेल्यावर आत्याबाईंनी आपला हक्क लेकरांसाठी सोडला आणि वारसनोंदीत तिन्ही लेकरांची नावं लागली ना, त्यातलं तुमचं निघाल्याशिवाय भाऊजींना अन्न गोड लागत नाही. पाठचा भाऊ गजाआड आणि हा माणूस बाजार मांडून बसलाय! तुम्ही त्यांना दोन शब्द सुनवा. माझं ते ऐकत नाहीत, मी परक्याची लेक.

आत्याबाईंनी दुपारचं जेवण सोडलंय. आमची दिशा शाळेत जाते, पण मधल्या सुट्टीत एकटी डबा खाते.

तुमचा लोभ आहेच. आता तो जरा कामाला लावा.

आपली,
सविता


सावेडी
५ डिसेंबर २०२५

चि. सौ. सविता हिस
लंकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन ठिकाणी पेनानं कागद फाटलाय, तेव्हा तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालते. लग्नात तू माझ्या पाया पडलीस तेव्हा वाटलं होतं, गरीब गाय आलीय. गोरखला तेव्हाच सावध करायला हवं होतं.

दादाशी बोलले. तो रडला गं फोनवर. म्हणाला, मी काय वैरी आहे का, पण घरचा कागद एकदा स्वच्छ झाला की मला पुढं व्हायला जीव येईल. आता माझं ऐक आणि चिडू नकोस. मी सही करून टाकते. सगळ्याच बहिणी करतात. माझ्या दोन्ही जावांनी केली, भावांनी साड्या नेसवल्या, मानानं जेवू घातलं. आमच्या ह्यांचंही तेच मत आहे की त्या वाट्यासाठी माहेर तोडण्यात शहाणपण नाही. मला तरी त्या नावाचा काय उपयोग? उताऱ्यावर आहे म्हणून आहे. मी कधी त्या रानात नांगर धरला, की कधी बाजारातून मालाची पट्टी आणली?

दादानं २९ तारीख धरलीय, राहुरीला नोंदणी कचेरीत. माझी सही झाली की तो जामिनाची करणार. दोन सह्या आणि गोरख घरी. आईला म्हणावं, जेव.

गोरखसाठी स्वेटर विणायला घेतलाय. आत घेतात का ते विचार. बिनगुंड्यांचाच करते, म्हणजे कुणाला शंका नको.

दिशाला गोड पापा. तुझ्या रागासकट तू माझीच आहेस, हे ध्यानात असू दे.

तुझी,
लंकावन्सं


मध्यवर्ती कारागृह
११ डिसेंबर २०२५

चि. सौ. सविता हिस,
गोरक्षनाथचे आशीर्वाद. हे पत्र आधी इथले साहेब वाचणार, म्हणून त्यांनाही नमस्कार.

मी बरा हाय. भाकरी जाड असती, पण भूक लागली की जाती. बराकीत एक म्हातारा हाय, त्याचा जामीन होऊन वरीस झालं. जामीनदारच न्हाई. त्याची पोरं भेटायला यायची, आता येत न्हाईत. तो रोज हजामत करून बसतो, कुणी आलं तर बरं दिसावं म्हणून. मला लई राग येतो, पर कुणावर काढायचा ते कळत न्हाई.

तू मुलाकतीला काचेपलीकडून ताईच्या सहीचं सांगितलंस, तवा गर्दीत नीट बोलता आलं न्हाई. आता नीट सांगतो. ताईला सही करू देऊ नकोस. आबा गेले तवा मी त्यांच्यापाशी हुतो. त्यांनी तिघांच्या नावानं नोंद करायला सांगितली हुती, दादाच्या देखत. ताईनं मला काखेत घेऊन वाढवला. तिचं नाव पुसून मला बाहेर येयाचं न्हाई. मी बसतो आत. दादाला सांग, मी त्याच्यावर रागावलो न्हाई. खरं तर रागावलोय, पर सांगू नकोस.

दिशाला इथं आणू नकोस. गावरान गाय व्याली का ते कळव. आईला म्हणावं, जेव.

सगळ्यांनी जीव लावून ऱ्हावा.

तुझा,
गोरख


॥ श्री ॥

खडकवस्ती
१७ डिसेंबर २०२५

ती. लंकावन्सं यांना
सविताचा सा. न. वि. वि.

यांच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आधी ती वाचा, डोळे पुसा, मग माझं वाचा.

तुमच्या मागच्या पत्राचा मला इतका राग आला की मी ते चुलीत घालणार होते. मानानं जेवू घातलं म्हणे! आपल्याच ताटातली पोळी काढून घ्यायची आणि वर आपल्यालाच वाढल्याचा डौल मिरवायचा, याला मान म्हणतात का, वन्सं? तुम्ही नांगर धरला नाही म्हणता. रामहरी भाऊजींनी तरी कधी धरला? नांगरट ट्रॅक्टरवाला करतो आणि हे बांधावर उभं राहून फोनवर बोलतात.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवत होते. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जे नाव पुसायला रामहरी एवढा हपापलाय, त्या नावात काय तरी दम आसंलच की."

वन्सं, मी हातातलं पत्र खाली ठेवलं. बाराशे उंबऱ्यांच्या गावात मी जमीनवाला पुरुष शोधत फिरले. सरपंच झाले, चेअरमन झाले, चुलते झाले. उताऱ्यावर सरळ सरळ तुमचं नाव असताना तुम्हीच जामीनदार होऊ शकता, हे ना मला सुचलं, ना तुम्हाला, ना कुणाला! बाईचं नाव म्हणजे पुसायचं राहून गेलेलं नाव, असंच आपण सगळे धरून चाललो. मला आधी स्वतःचाच राग आला, मग हसू आलं, मग रडू.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, बाई आहे म्हणून काही अडत नाही. जमीन सामाईक असली तरी बहिणीचा हिस्सा उघड आहे, साहेबांपुढे तसं मांडू. मात्र हक्कसोडीवर सही झाली तर हे दारही बंद.

आता तुम्हीच काय ते ठरवा. तुमचे मालक चिडतील. भाऊजी तर माहेर बंद करतील, त्यांनी ते आत्याबाईंपुढे बोलूनही दाखवलंय. मी तुम्हाला गळ घालणार नाही. घातलीच आहे म्हणा.

गाय व्याली, कालवड झाली. आत्याबाई परवापासून जेवतात.

लोभ तुमचा, हट्ट माझा. दोन्ही सांभाळून घ्या.

आपली,
सविता


सावेडी
८ जानेवारी २०२६

चि. सौ. सविता हिस
लंकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गोरख घरी पोचला, जेवला, झोपला, हे कळलं. त्याला अजून दोन दिवस झोपू दे. तू हुकूम हाती पडताच वकिलांबरोबर तुरुंगाकडे धावलीस आणि त्याआधी आईला घेऊन बाहेर बाकावर बसली होतीस, म्हणून आत काय घडलं ते तुला सांगायचं राहिलं. फोन आता मी स्वतःच उचलते, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

आधी २९ तारखेचं सांगते. मी सकाळीच तलाठ्याकडून ताजा उतारा घेतला. दादाला वाटलं, हक्कसोडीसाठीच घेतलाय. तो नोंदणी कचेरीच्या पायरीवर उभा होता, हातात साडीचं खोकं, अंगात इस्त्रीचा सदरा. मी म्हटलं, सही करणारच आहे, पण कोर्टात, गोरखच्या जामिनावर. त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा चारचौघांत ओरडला की आजपासून तू मला बहीण नाहीस आणि तुला माहेर नाही. सविता, मी आयुष्यभर याच वाक्याला भ्यायले होते. ऐकलं, आणि काहीच झालं नाही. खोकं मात्र त्यानं घट्ट धरून ठेवलं, तेवढा शहाणा आहे.

आमच्या ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. मी म्हटलं, धरा, मलाही दुखावल्यासारखं वाटतंय, दोघं मिळून धरू. कोर्टाच्या दिवशी मात्र स्वतःच मला स्कूटरवर बसवून सोडलं. आत काही आले नाहीत. मला त्याचाही राग आहे, आणि तो मी जपून ठेवलाय.

आत कारकुनानं कागद चाळले आणि माझ्या मागं बघत विचारलं की जामीनदार कुठं आहेत. मी म्हटलं, समोर उभी आहे. त्यानं पुन्हा मागं बघितलं. मग वकिलांनी मला साहेबांपुढे नेलं. साहेबांनी आरोपीशी नातं विचारलं. बहीण म्हणाले. मग उताऱ्यावरचं माझं नाव आबांच्या नावासकट वाचून त्यांनी विचारलं, जमीन कुणाची? लहानपणापासून मी आबांची म्हणायचे, मग दादाची म्हणायला लागले. ओठांवर तेच आलं होतं. मी तो शब्द गिळला.

"माझी," मी म्हणाले.

सही सरळ आली गं.

वकील सांगतात, खटला संपेपर्यंत ही हमी माझ्या हिश्श्यावर आहे. तोवर माझं नाव तिथून हलायचं नाही, आणि नंतर मी हलू देणार नाही. खटला अजून उभाच आहे आणि तो वाळूवाला अजून फ्लेक्सवर हसतोय, हे मी विसरलेले नाही. तूही विसरू नकोस. कोतवाल खरं सांगायला तयार आहे असं फोनवर म्हणालीस, तर वकिलांना त्याच्याकडे लवकर पाठव. आणि बराकीतल्या त्या म्हाताऱ्याचं गाव कोणतं, ते गोरखला विचारून ठेव.

संक्रांतीला मी येते आहे. दादाच्या दारी नाही, तुझ्या दारी. साडीचोळी काही घेऊ नकोस, स्वेटर मीच आणतेय, गुंड्या लावून. सुगडात घालायला हरभऱ्याचे घाटे मात्र बाजारातून आणायचे नाहीत. आपल्या रानातले ठेव. मी स्वतः तोडीन.

तुझ्या हट्टावर माझा लोभ आहे, तो असाच राहणार.

तुझी,
लंका सहादेव
(उताऱ्यावर आहे तशी)