पुठ्ठ्याशिवाय पुस्तक

बेटावरून, ४ फेब्रुवारी

ती. अण्णांना भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पोचले! बोटीत दोन दिवस पोटात नुसती ढवळाढवळ, आणि उतरल्यावर जमीनही डोलत होती. पण अण्णा, काय जागा आहे! खिडकी उघडली की पाणीच पाणी, सकाळी एका रंगाचं, जेवायच्या वेळी दुसऱ्याच. मीठ बरणीतल्या बरणीत विरघळतं, काडेपेटी घासून घासून हात दुखतो, आणि धुतलेला टॉवेल चौथ्या दिवशीही ओलाच. दुपारी बारा ते तीन अख्खं गाव दारं लावून झोपतं. पहिल्या दिवशी मी साडेबाराला दूध आणायला निघाले, तर रस्त्यावर मी आणि एक कोंबडी! आता मीही झोपते. ओरडायला तुम्ही इथे आहात कुठे?

वाचनालयातली बांधणीची खोली लहान आहे, पण उजेड मस्त. ग्रंथपालबाई मोजकंच बोलतात. मुलांची चाळीस फाटकी पुस्तकं पुढ्यात ठेवून म्हणाल्या, दोन महिने बघू. जमलं तर कायम, नाहीतर परतीची बोट. मी आपल्या बांधणीच्या कारखान्याच्या शिरस्त्याने भिडले. पिठाची खळ, जाड पुठ्ठा, एक रात्र शिकंज्यात दाब. पाच दिवसांत चाळीसच्या चाळीस तयार! गंगेत घोडं न्हालंच म्हणा.

आईला सांगा, वेळेवर जेवते. कागद संपला, माया आहे तेवढीच आहे.

तुमची भिंगरी


घरून, २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने तीनदा वाचलं. मी एकदाच, कारण चष्मा तिच्या ताब्यात होता. पाच दिवसांत चाळीस पुस्तकं? इथे तेवढ्याला वीस दिवस लावायचीस, वर चार वेळा चहा.

एक शंका आहे. जिथे मीठ विरघळतं तिथे खळ वाळते का गं? एक रात्र दाब हा इथल्या कोरड्या हवेचा हिशेब. तिथे घाई करू नकोस. हे सगळं वरातीमागून घोडं आहे, पण आठवड्याला एकच बोट असेल तर मी तरी काय करणार?

तू गेलीस ते मला आवडलं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. नाहीच जमलं तर निमूट घरी ये, तुझी जागा कुणाला दिलेली नाही. हे तुझ्या धीरासाठी लिहितोय की माझ्या, ते मलाच कळत नाही.

जपून राहा. उत्तर लांबलचक लिही.

अण्णा


बेटावरून, २२ फेब्रुवारी

ती. अण्णांना शि. सा. न.

फजिती झाली. सगळे पुठ्ठे वाकले. पुस्तकं तोंड वासून पडलीत, आणि आत हिरवीगार बुरशी. मी स्वतःच बाईंकडे जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, आधीच्या दोघा बांधणीवाल्यांनी असली पुस्तकं कपाटामागे लपवली आणि बोट पकडली. तू निदान दाखवलीस तरी. आता जेमतेम महिना उरलाय. काल उशी ओली झाली, आणि या खेपेला हवेमुळे नव्हे.

पण ऐका तर! शेजारी चपला शिवणारे काका आहेत. ते पोट धरून हसले. म्हणाले, या बेटावर चिकटवलेलं काही टिकत नाही पोरी, शिवलेलं टिकतं. त्यांनी मला एक टाका दाखवला. कागदाची प्रत्येक घडी आधीच्या घडीत अडकवत जायची. खळ नाही, पुठ्ठा नाही, वरून नुसतं जाड कापड. पुठ्ठ्याशिवाय पुस्तक म्हणजे आपल्याकडे सदऱ्याशिवाय लग्नाला जाण्यासारखं, माहीत आहे मला. म्हणून विचारत नाही, नुसतं कळवते. चाळीसही पुस्तकं उसवलीत. बोटं सुजलीत, पण अण्णा, इतकी मजा कधी आली नव्हती!

आईला यातलं निम्मंच वाचून दाखवा.

भिंगरी


बेटावरून, २ एप्रिल

ती. अण्णांना शि. सा. न.

कायम झाले! कायम! बाईंनी एक पुस्तक उलटं दुमडलं, पिळल्यासारखं केलं आणि तीन दिवस उघड्या खिडकीत ठेवलं. चौथ्या दिवशी उचललं, चाळलं, आणि मला म्हणाल्या, सोमवारपासून नऊला ये. बस, एवढंच! मी चपलावाल्या काकांच्या दुकानापर्यंत पळतच गेले. मुलं पुस्तकं गुंडाळून काखेत मारून नेतात. ते बघून तुमचा जीव वरखाली झाला असता.

सोबत त्याच टाक्याने शिवलेलं एक कोरं पुस्तक पाठवते. तुमचं खळीबद्दलचं पत्र पुठ्ठे वाकल्यावर पोचलं, पण होतं अगदी बरोबर. आता खरं सांगा, मी घराण्याचं नाव घालवलं का? रागवा हवं तर, पण गप्प राहू नका.

भिंगरी


घरून, १९ एप्रिल

चि. भिंगरीस,

तू कायम झाल्याचं ऐकून आईने सगळ्या आळीला सांगितलं. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण कुणी उरलंच नव्हतं.

पुस्तक बघून रागच आला. दोन दिवस ते फडताळात टाकून दिलं. तिसऱ्या दिवशी काढून टेबलावर उघडलं, तर ते सपाट उघडंच राहिलं, वर हात ठेवावा लागला नाही. पंचेचाळीस वर्षांत माझं एकही पुस्तक असं उघडलेलं नाही. घराण्याचं नाव घालवलं नाहीस गं, बाई.

टाका कसा घातलाय ते बघावं म्हणून मी अख्खी पाठ उसवली, आणि आता परत घालता येईना. तीन दिवस सुई घेऊन बसलोय. कामगार तोंड फिरवून हसतात, तुझी आई तोंड न फिरवता. दुसऱ्या घडीतून तिसरीत जाताना सुई वरून न्यायची की खालून, ते चित्र काढून पहिल्या बोटीने पाठव. सावकाश, समजेल असं लिही.

मोठ्यांनी लहानांना नमस्कार लिहायची पद्धत नाही, पण शिकवणाऱ्याला लिहायची आहे. म्हणून हा घे.

अण्णा