गार्डने दार का उघडलं

रविवार, मे २००४
विरार

विल्सनला गेम कळत नाही. नाही म्हणजे नाहीच! या गेमच्या पहिल्या भागात नुसतं लपतछपत एका किल्ल्यात शिरायचं होतं. दुसऱ्या भागात अख्खं शहर उभं केलंय, गार्ड आपापसात बोलतात, आपली चूक लक्षात ठेवतात. आणि हा भुईगावला आपल्या घराच्या ओट्यावर बसून आंबा चोखत म्हणतो, "पहिला भारी होता. हा एकदम बंडल. स्टोरीला ना शेंडा ना बुडखा."

बंडल? माझं डोकंच सटकलं. "तुला फक्त गोळ्या झाडता येतात," मी ओरडलो. त्याची मोठी बहीण ज्युलिएट मध्ये पडली. तिला गेम आवडलाय, अंधारात दबा धरून बसायला मजा येते म्हणाली. पण तिनेही विचारलंच, "शेवटी तो गार्ड आपणहून दार का उघडतो रे? कायच कळलं नाय."

"डोकं वापरा जरा," म्हणालो आणि तरातरा निघालो. चहासुद्धा घेतला नाही.

बसमध्ये चरफडत होतो. म्हणे, दार का उघडतो! अरे, तो हीरोचा भाऊ असतो. गेममध्ये मध्येमध्ये स्टोरीचे व्हिडिओ येतात, त्या व्हिडिओत स्वच्छ दाखवलंय की.

व्हिडिओत.

त्यांच्या कॉम्प्युटरवर जागा नाही, म्हणून त्यांच्यासाठी गेम कॉपी करताना व्हिडिओचं फोल्डर मीच उडवलं होतं. दोन सीड्यांचा गेम एकीत कोंबला होता.

आता कुठल्या तोंडाने फोन करू? त्या सीडीवर मार्करने, माझ्याच अक्षरात, मोठ्ठं लिहिलंय: फुल गेम.