हातांचं काय करायचं

बाबा, तुम्हाला एकच विचारायचं होतं. हातांचं काय करायचात तुम्ही?

बाकीचं मला माहीत आहे, किंवा माहीत आहे असं मी धरून चालतो. लेस्टरच्या हॉस्पिटलात तुम्ही हाडांचे सर्जन होतात, लोकांचे गुडघे आणि खुबे नीट करून त्यांना परत कामाला लावत होतात, आणि मी ए-लेव्हल्सला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला असताना तुमचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही, चहाचा कप बशीवर किणकिणायचा एवढंच. पण कुणी बोलायची तुम्ही वाट पाहिली नाहीत. आपणहोऊन जाऊन सांगितलंत की यापुढे मी ऑपरेशन करणार नाही, ज्युनिअर डॉक्टरांना शिकवीन. घरी येऊन आमटी वाढून घेता घेता आम्हाला म्हणालात, "उद्यापासून आपण फक्त उभं राहणार." आईने भात पुढे सरकवला. मी विचारलं, "म्हणजे आता लवकर घरी येणार का?" तुम्ही म्हणालात, "बघू या," आणि भाताला हात घातलात. झालं, संपला विषय. आपल्या घरात मोठे विषय असेच आमटीभातात कालवून संपायचे.

तेव्हा माझं डोकं तरी कुठे ठिकाणावर होतं! पार्कात रविवारी अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं मला भेटली होती, आणि मी त्यांच्यात जो घुसलो तो घुसलोच. तुमच्या मते ती हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की. "हाडांच्या डॉक्टरचा मुलगा आणि हाडं मोडायचा खेळ! गिऱ्हाईक घरातच तयार होतंय," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. एकदा मात्र तुम्ही खरंच विचारलंत की त्यात मी नेमका करतो काय. मी डायनिंग टेबलवर मिठाची डबी, लोणच्याची बरणी, चमचे मांडून दाखवलं. ही आपली सगळी डिफेन्सची माणसं, आणि त्यांच्या मागे, सगळ्यांच्या मागे, हा मी. मला सेफ्टी म्हणतात. पुढच्यांच्या हातून जो सुटेल त्याला मी पकडायचं. तुम्ही मिठाच्या डबीकडे बघत विचारलंत, "आणि तुझ्या मागे कोण?" मी म्हणालो, "कुणी नाही." "हां, मग बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. काय बरोबर आहे ते सांगितलं नाहीत, आणि तेही मला अजून विचारायचंच आहे.

मिलेनियमच्या वर्षी तुम्ही गेलात, त्यामुळे मी खरोखरचा प्रोफेशनल झालो हे तुम्हाला कळलंच नाही. युरोपात तेव्हा एक लीग होती, तिच्यातल्या स्कॉटलंडच्या टीमने मला घेतलं. अमेरिकेहून आलेल्या धिप्पाड गड्यांमध्ये लेस्टरचा हा मराठी सेफ्टी, पगार घेऊन लोकांना आडवं करत होता. मग एका पावसाळी दुपारी कुणालाही न धडकता, नुसता वळताना, माझा गुडघा गेला. आवाज मलाच ऐकू आला. तो नीट करायला ज्या सर्जन बाई आल्या त्यांनी फाइलवरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी मला शिकवलंय." गुडघा त्यांनी छान जोडला, पण पुन्हा खेळायचं नाही हेही स्पष्ट सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला बोलतं करायला म्हणून असेल, त्या तुमच्याबद्दल सांगत राहिल्या. म्हणाल्या, "मी कितीही चाचपडले तरी माझ्या हातातलं हत्यार त्यांनी कधी काढून घेतलं नाही. मागे हात बांधून उभे राहायचे. मी एकदा वळून पाहिलं, तर बोटं एकमेकांत इतकी घट्ट रुतवली होती की नखं पांढरी पडली होती." मला हे नवीन होतं. घरी तुम्ही कधी हात मागे बांधून उभे राहिल्याचं मला आठवत नाही.

गुडघा गेला आणि त्यामागोमाग, लीग चालू असतानाच, टीमनेही मला सोडलं. दोन वर्षं मी एका ऑफिसात बसून लोकांना ब्रॉडबँड विकलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. मग आपल्या इथल्याच एका हौशी क्लबच्या हेड कोचने, अमेरिकेतल्या ओहायोच्या एका म्हाताऱ्याने, फोन केला: डिफेन्सला कोच हवाय, एक सीझन करून बघ, जमलं तर पुढे. मला वाटलं, त्यात काय, मला येतं तेच सांगायचं आहे. बाबा, कसलं डोंबलाचं येतं! मैदानाच्या कडेला एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर कोचने खेळ चालू असताना पाऊल ठेवायचं नाही. मी कडेला उभा असतो, समोरच्याचा खांदा कुठे झुकतोय ते मला दिसतं, बॉल कुठे जाणार ते मला कळतं, आणि माझे पाय निघतात. तोंडाने सांगायच्या आधी पाय निघतात! तिसऱ्या की चौथ्या मॅचला मी असाच खेळाबरोबर पळत सुटलो, पट्टीवर गेलो आणि बाजूने पळणाऱ्या लाइन्समनला असा काही धडकलो की त्याची टोपी एकीकडे, शिट्टी एकीकडे. पिवळा झेंडा पडला, आमच्या टीमला पंधरा यार्डांचा दंड झाला, आणि त्या पंधरा यार्डांनीच आम्ही मॅच हरलो. ओहायोचा म्हातारा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ही मॅच तू खेळलास, कोच. तुला कुणी खेळायला सांगितलं नव्हतं."

या खेळात अशा कोचसाठी एक खास माणूस ठेवतात, बरं का. त्याचं काम एकच, कोचला मागून पकडून पट्टीबाहेर ओढायचं. आमच्या क्लबने ते काम आमच्या सेफ्टीच्या आईला दिलं. गुजराती बाई, बेलग्रेव्ह रोडवर साड्यांचं दुकान, उंचीने माझ्या कोपराएवढ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा कमरेचा पट्टा मागून मुठीत धरला आणि मॅच संपेपर्यंत सोडला नाही. "बॅक, बेटा, बॅक!" करत दुकानात कापडाचा तागा ओढावा तशा मला ओढायच्या. टीम हसून हसून लोळायची. मीही हसायचो, पण ते मैदानापुरतंच. मला एकच भीती होती. मला खेळायचं तेवढं येत असेल आणि बाकी काहीच येत नसेल तर? सीझन संपत आला होता, म्हातारा उत्तर मागणार होता, आणि मी मनातल्या मनात ब्रॉडबँडवाल्यांना फोन करत होतो.

शेवटच्या मॅचला त्या बाईंचा मुलगा, आमचा सेफ्टी, चुकीच्या जागी उभा आहे. फार पुढे. माझ्या जिभेवर त्याचं नाव आलंय. पट्टा ताणला गेला, म्हणजे मी निघालो होतो. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी हात मागे नेले आणि बोटं बोटांत अडकवली. बॉल त्याच्या डोक्यावरून गेला, समोरच्यांनी टचडाउन करून गुण मिळवले. तो धावत माझ्याकडे आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "डोंट से इट, कोच. मी क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे बघत होतो. तो मला फसवत होता." अगदी बरोबर. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक बघतो एकीकडे आणि फेकतो दुसरीकडे, मला ते शिकायला तीन वर्षं लागली होती. पुढच्या वेळी तो मागे थांबला आणि बॉल त्याने हवेतच झेलला. मला आनंद झाला, शपथ सांगतो. पण त्याच वेळी त्याचा हेवाही वाटला, कारण तो बॉल माझ्या हातात नव्हता आणि आता कधीच येणार नव्हता. हे दोन्ही एकदमच होतं का हो? तुम्हालाही व्हायचं का? मागे माझी बोटं दुखत होती.

त्या संध्याकाळी मी आईकडे गेलो. ती पिठल्याची तयारी करत होती, तिला एक कांदा हवा होता. मी चिरायला बसलो आणि चिरतच राहिलो, आणि तेव्हा मला तुम्ही दिसलात. शिकवायला लागल्यापासून रोज संध्याकाळी कोट काढून तुम्ही आधी ओट्याशी यायचात आणि कांदा चिरायचात. थरथरत्या हाताने, पण कागदासारखा पातळ, परातभर. आई ओरडायची, "अहो, पुरे! अख्ख्या बेलग्रेव्ह रोडला भजी वाटायचीयत का?" तुमचे डोळे भरून वाहत असायचे आणि मी हसायचो. मी आईला म्हणालो, "बाबांच्या डोळ्यांना कांदा किती लागायचा, नाही?"

ती पोळी लाटत होती. न थांबता म्हणाली, "त्यांना कांदा कधी लागलाच नाही. लेन्स होत्या ना त्यांच्या डोळ्यांत. मास्कची वाफ चष्म्यावर यायची म्हणून घेतलेल्या, त्या शेवटपर्यंत वापरल्या. लेन्सवाल्याला कांदा लागत नाही."

बाथरूममध्ये तुमच्या लेन्सची डबी मी रोज बघायचो, बाबा. मला कसं सुचलं नाही! मी आईला विचारलं, "मग तू त्यांना काही विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? मी आपली भजी तळायचे."

म्हाताऱ्याला मी हो सांगितलंय. पुढच्या सीझनलाही आहे, पट्टा धरायला त्या बाईही आहेत, आणि म्हणून आता माझ्या मागे कुणीतरी आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. हे कागद मी माझ्या किटबॅगेत मोज्यांखाली ठेवणार आहे, तिथे आई हात घालत नाही. एक गोष्ट तेवढी कबूल करतो. प्रॅक्टिसहून येताना मी हल्ली आईकडे थांबतो आणि कांदा चिरतो. मी लेन्स लावत नाही, मला कांदा लागतो, त्यामुळे तिला काही कळत नसेल असं मी धरून चाललो होतो. पण काल मी दुसरा कांदा उचलला, तर तिने बेसनाचा डबा काढला आणि भज्यांची कढई चढवली.