भट्टी गार पडू नये म्हणून

१९ जून, कडेगाव

दुपारी मोहरमच्या ताबुताच्या कामावर होतो. रफिकभाई वर शिडीवर, मी खाली बांबूच्या कामट्या सोलत. संपतचा फोन आला. बँकॉकला माझ्या दुकानापासून दोन दुकानं सोडून त्याची सोनं गाळायची भट्टी, माझ्यासारखीच. विट्याकडचा गडी, भर धंद्याच्या वेळेला उगाच फोन करणारा नव्हे.

"बापू, तुझ्या दाजीस्नी पोलिसांनी न्हेलं."

आधी वाटलं रस्ता चुकले असतील, आणून सोडत असतील. इतका भरवसा माझा तिथल्या पोलिसांवर! म्हटलं, "मग सोडत्याली की घरी." तर म्हणाला, "आरं, धरून न्हेलंय. तुझ्या भट्टीवरनं."

रफिकभाई वरून ओरडले, "काय झालं रं?" काय न्हाई म्हटलं. हातातली कामटी मोडली तेवढी.

आक्काला अजून सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याला "चला, बँकॉक बघून या" म्हणून मीच नेलं. आता तिला सांगायला जीभ रेटत नाही.

२० जून

संपतकडून तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. शेजारच्या कुणीतरी तेजाबाच्या धुराची तक्रार केली. धूर रोजचाच, तक्रार पहिलीच. चौघंजण आले, साध्या कपड्यात, बूट दाराबाहेर काढून. दाजींना वाटलं गिऱ्हाईक. खुर्च्या दिल्या. एकानं मोबाईल समोर धरला तसा दाजींना आणखी हुरूप आला. चिमट्यानं मूस उतरवली, सोनं ओतून दाखवलं, वर हात जोडून हसले. सगळं मोबाईलमध्ये. मग पोलीसही हात जोडून हसले आणि म्हणाले, चला.

वाचून हसू येईल असं आहे. मला येईना.

दाजी म्हणजे उभा जन्म मद्रासकडं भट्टीपुढं गेलेला माणूस. तिकडचं दुकान बंद पडल्यापासून शिराळ्याला नुसते सोप्यात बसून असायचे, बोलायचे नाहीत. या खेपेला मी मोहरमला गावी येताना त्यांना भट्टीवर बसवलं. पंधरवड्यात फोनवर आवाज बदलला होता. आक्काच म्हणाली, "बापू, माणूस परत माणसात आला गड्या."

२१ जून

पी नोईचा फोन. दुकानाची जागा तिची. आम्ही सगळे तिला "पी" म्हणजे थोरली ताईच म्हणतो. वकील तिनंच बघितला. वकील म्हणतो, फिरायला आलेल्या माणसानं काम करायचं नाही. मी म्हटलं, पगार कुठं देत होतो? म्हणाला, पगाराचा संबंध नाही. हात हलला की काम.

आता हे मला नवीन आहे का? नाही. माझं स्वतःचं कामाचं परमिट मी जपून वापरतो, त्यावर दुकान कुठलं, काम कुठलं, सगळं लिहिलेलं. पण दाजी त्यात येतात हे कधी डोक्यातच आलं नाही. मालक गावाला गेला की घरचं, भावकीतलं कुणीतरी येऊन भट्टीवर बसणार, ही आम्हा गलाईवाल्यांची रीत. भट्टी गार पडली की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मी चुलत्यासाठी कोइमतूरला बसलोय, चुलता दाजींसाठी बसलाय. पगाराचं नाव कुणी काढलं तर भांडणं होतील. दाजींसारख्या माणसाला "काम करताय का?" असं विचारणं हाच अपमान. जावई आहेत आमच्या घरचे!

तिथं हे कुणाला सांगायचं, आणि कुठल्या भाषेत.

२२ जून, रविवार

आक्का आली. सकाळच्या एस.टी.नं, पिशवीत माझ्यासाठी भाकरी आणि दाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या. गोळ्या बँकॉकला कशा पोचवायच्या हे मला विचारत होती, जसं काही मी पोस्टमन.

रडली नाही. म्हणाली, "तूच सांगत हुतास न्हवं, तिथलं पोलीस लय सभ्य?"

सांगत होतो. चहाच्या टपरीवर दर सुट्टीला सांगत होतो. तिथं पोलीस आवाज चढवत नाही, अरे-तुरे करत नाही. बाईमाणूस कधीही रस्त्यानं एकटी जाते. हेल्मेट नसलं तर दंड करतो, पण नमस्कार करून करतो. आपल्याकडं बघा आणि तिथं बघा! सगळं खरंच होतं. खोटं एक अक्षर नाही. आता तेच शब्द प्रत्येक जण मला परत देतोय.

२४ जून

टपरीवरचे सल्ले. पुढाऱ्याचा माणूस: फोन लावू. कुणाला? ते बघू. रिटायर हवालदार मामा: "मी आसतो तर मानसाला चा पाजून घरी धाडला आसता. तिथं कुणाची वळख न्हाई व्हय तुझी?"

नाही. इतकी वर्षं झाली, त्यांच्या भाषेत भाजी घेतो, भांडतो, लग्नाला जातो, मयताला जातो. गल्लीतली कुत्री ओळखतात. पण एक हवालदार ओळखीचा नाही. कधी लागलाच नाही. त्याचाच अभिमान होता.

तिथल्या भारतीय वकिलातीत फोन लावला. सूचना मिळाली, बघतो म्हणाले. परत लावला. मघाशी सांगितलं ना, म्हणाले.

तिकडच्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर मी विचारलं तर भांडणच लागलं. कापडवाला जोशी म्हणतो, कायदा पाळा, इथं काही होत नाही, मला इतक्या वर्षांत कुणी बोट लावलं नाही. हॉटेलवाला शेख म्हणतो, बोट लावत नाहीत तेच तर, ओरडले असते तर समजलं असतं कुठं उभे आहोत. कुणीतरी म्हणालं, ते हसले की पासपोर्ट चाचपायचा. त्यावर हसण्याची चिन्हं. जोशीनं शेवटी लिहिलं, "माणूस अडाणी होता का?" मी फोन पालथा ठेवला. अडाणी नाही रे बाबा. पाहुणा होता.

२६ जून

संपतला भेट मिळाली. जाळीतून. दाजी बरे आहेत. गोळ्या पोचल्या, तिथल्या दुकानातून घेऊन दिल्या. जागा दाटीची, एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय. दोन्ही वेळ भात. भाकरी आठवते म्हणाले, तेवढीच तक्रार.

संपतनं त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "कुणी हात लावला न्हाई, शिवी दिली न्हाई. पण कुणी आयकतबी न्हाई गा."

नागपंचमीला घरी येतो म्हणाले. शिराळ्याच्या माणसाला पंचमी चुकवणं जमत नाही.

२७ जून

मोहरम लागला. ताबुताचे वरचे मजले उभे राहिले. आमच्याकडे आधी कळस बांधतात, मग खाली खाली येत पाया. मी लहानपणापासून बघतोय, तरी दर वर्षी तिथं उभा राहिलो की गंमत वाटते. या वर्षी नुसता हात चालवतोय. रफिकभाईंना आज सगळं सांगितलं. हातातली सुतळीची गाठ आवळली. मग म्हणाले, "आन् ह्ये आपण करतोय त्ये काय हाय रं? मला कोण पगार देतंय?" उत्तर मागत नव्हते. प्रसादाचा उरलेला गूळ माझ्या हातावर ठेवला.

३० जून

वकिलानं सरळ सांगितलं. दाजींनी "काम करत होतो" असं कोर्टात कबूल केलं की दंड, मग विमानात बसवून घरी. थोडे दिवस लागतील. पुन्हा त्या देशात यायचं नाही, एवढंच. कबूल नाही केलं तर खटला, आणि तोवर आत.

मग कबूल करा की! सोपं आहे!

सोपं नाही. कबूल केलं की पुढचा प्रश्न, कुणाच्या भट्टीवर? माझं परमिट जाईल. वकील म्हणतो जाईलच असं नाही. पी नोई म्हणते जाईल. मी पी नोईचं खरं मानतो, ती त्या गल्लीत जन्मली.

परमिट गेलं की मी इथं. इथं काय? दाजींसारखा सोप्यात.

२ जुलै

तिकीट काढायला निघालो होतो. मीच जातो, सांगतो माझी भट्टी, माझा पाहुणा, मला धरा. बायकोनं बॅग काढून दिली. वकिलाला फोन केला तर तो म्हणाला, जरूर या, पण त्यांनी कबूल केल्याशिवाय तुमच्या येण्यानं ते सुटणार नाहीत. तुमचं मात्र बघावं लागेल. फोनात त्याच्या मागून पी नोई ओरडत होती, येऊ नको, येऊ नको.

आक्का दारात उभी. "तूबी आत गेलास तर मी कुणाच्या त्वांडाकडं बघू?"

बॅग परत वर टाकली. गेलो तर उपयोग नाही, थांबलो तर तोंड दाखवायला जागा नाही. स्वतःचीच चीड येते आणि तिचाही उपयोग नाही.

४ जुलै

संपत भेटीला गेला. तिथल्या शिपायानं त्याचा फोन जाळीपाशी धरू दिला. नियमात नाही म्हणे, पण म्हातारा बघून दिला. हेही तिथलंच.

दाजींचा आवाज बसलेला. आधी विचारलं, भट्टी चालू हाय का? म्हटलं बंद आहे. "गार पडली म्हन की."

मग म्हणाले, "बापू, त्यो वकील कबूल करा म्हणतुया. तुझं नुकसान हुईल आसंबी म्हणतुया. मी आडाणी मानूस. तू सांग काय करू. तू म्हणशील तसं."

आमच्या घरात जावयाला कुणी काय करा म्हणून सांगितलेलं नाही. वडिलांनी नाही, मी नाही. मी म्हटलं, "दाजी, कबूल करा. बाकी तुम्हाला बरं वाटंल तसं."

"बरं," म्हणाले. शिपायानं फोन घेतला.

आक्काला सांगितलं, कबूल करा म्हणून सांगितलंय. तिनं देवापुढं साखर ठेवली. मलाही हलकं वाटलं. कधी नव्हे ते पोटभर जेवलो.

६ जुलै, रविवार

ताबुतांच्या भेटी झाल्या. पाऊस उघडलेला. सकाळपासून चौकात मुंगीला वाट नाही. आमच्या घराण्याचा खांद्याचा मान, मी खांदा दिला. वर्षानुवर्षं याचसाठी येतो. इतकी माणसं, एकमेकांच्या अंगावर, आणि बंदोबस्ताचे पोलीस घसा फोडून ओरडतायत, ए मागं हो, ए टोपीवाल्या, काठी आपटतायत. दर वर्षी मी याच्यावर नाक मुरडायचो. आज एकानं मला दंडाला धरून खसकन मागं ओढलं आणि म्हणाला, "चेंगरून मरशील की रं!" मला रडू आलं. भर चौकात. लोकांना वाटलं भक्तीनं.

उद्या कोर्ट.

७ जुलै

कबूल केलं नाही.

दुभाषा मराठीचा मिळाला नाही. दाजींना तमिळ येतं म्हणून तमिळ दुभाषा दिला. दाजींनी त्याला सांगितलं, काम नव्हतं. मेव्हण्याच्या घरची भट्टी राखत होतो, गार पडू नये म्हणून. मेव्हणा गावी देवाच्या कामाला गेलाय. एवढंच. पुन्हा पुन्हा विचारलं, तेच. संपत म्हणतो, न्यायाधीशबाईसुद्धा हसल्या, चांगलं हसल्या. आणि पुढची तारीख दिली. तारीख पंचमीच्या पुढची आहे. मधल्या काळात कधीही कबूल करू शकतात, वकील म्हणाला.

मी संपतला शिव्या दिल्या. वकिलाला दिल्या. दाजींना म्हातारचळ लागलाय, हेही म्हटलं. हिनं दार लावून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून.

८ जुलै

काही नाही. फोन नाही. रफिकभाई ताबुताचे बांबू सोडवून रचून ठेवतायत. मदतीला गेलो, परत आलो.

९ जुलै

आक्का शिराळ्याला परत निघाली. पंचमीची सारवासारव करायची म्हणाली, माणूस असो नसो. मी पिशवी धरून स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता.

म्हणाली, "कबूल करा म्हणून सांगितलंस न्हवं?"

"व्हय. तुझ्या गळ्याची आन."

"कसं सांगितलंस?"

"कसं म्हंजे?"

"तोंडानं बोललास त्ये शब्द सांग."

सांगितले. दाजी, कबूल करा, बाकी तुम्हाला बरं वाटंल तसं.

ओरडली नाही. आक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. गाडी लागली तेव्हा पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "बापू, आपल्यात 'बरं वाटंल तसं' म्हटल्यावर कवा कुणी सोताचं बघितलंय व्हय रं? त्येनी तुझंच बघितलं."

गाडी गेल्यावर संपतला फोन लावला. परवा भेट आहे. म्हटलं, या खेपेला नुसतं पहिलं सांग. कबूल करा, बापूनं सांगितलंय. पुढचं काही म्हणू नको.

संपत म्हणाला, सांगतो की. पण त्ये मला इचारत्याली, पुढं काय म्हणला त्यो? मी काय सांगू?