एका चिन्हाविना मावशीचा मासा

सोन ला, शुक्रवार

पा, तुला वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? शिडी चढताना अजून कुरकुरतो का? इकडे सगळे ठीक, फक्त घराला मासळीचा वास येतोय. त्याचीच ही हकिकत.

आपल्या भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, तरी आपल्या लिपीत पूर्वी सुरांची चिन्हं नव्हती. ती आली, मग संगणकातही आली, आणि त्यांच्यासाठी मी गावोगाव घसा कोरडा केला (अजून करीन!). आपली भाषा आपल्या अक्षरांत, अचूक सुरात लिहिता येणं हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. म्हणून माझ्या इंगच्या लग्नाचं बोलावणंही मी फोनवर आपल्याच लिपीत धाडलं: 'पा आल्याशिवाय पोरीचा लग्नाचा अंबाडा बांधायचा नाही.' तुझ्या जुन्या फोनने 'पा'वरचं चिन्ह गिळलं, आणि चिन्ह गेलं की 'पा' या एका शब्दात मावशीचा मासा होतो, हे तुला मी काय सांगावं! परवा बसवाला दोन टोपल्या मासे घेऊन दारात हजर. म्हणाला, "मास्तर, मावशीने विचारलंय, अंबाड्याला मासे लागतात हे कुठलं नवं शहाणपण?" सगळी आळी हसली. बायको म्हणाली, "दोन दोन तास चिन्हांवर भाषणं ठोकता, आणि एक चिन्ह धड पोचवता येईना?"

मी तिरमिरीत फोनवाल्यांच्या निषेधाचा ठराव लिहायला बसलो. तिसऱ्या कलमावर हात थांबला. जी बाई आजोबांच्या पोथ्या एकाही चिन्हाशिवाय घडाघडा गाते, तिला अंबाड्याच्या वाक्यात मासा दिसेल? तुला बरोबर कळलं होतं. मासे तू रागाने पाठवलेस.

आणि राग खरा आहे. 'चिन्हांशिवाय वाचणारे नुसते अंदाज ठोकतात' असं मी सभेत गरजलो, तेव्हा तू पहिल्या रांगेत बसली होतीस. चुकलो. (चिन्हं हवीतच, त्यावर माघार नाही. पण ती तुझ्यासाठी नाहीत गं. ज्यांना वाचून दाखवायला तुझ्यासारखं कुणी उरणार नाही, त्यांच्यासाठी आहेत.)

तुझा भाचा,
तोई

ता. क. लग्नात मी भाषण करणार नाही. बायकोने तसं लिहून घेतलंय.

आणखी ता. क. खरं काम हे: इंग म्हणते, अंबाडा बांधेल तर मावशीआजीच, नाहीतर लग्न राहिलं. पोर बापावर गेलीय, ऐकायची नाही. हे पत्र तीच घेऊन येतेय. उत्तर लिहू नकोस. तिच्या मागे गाडीवर बस.